मुलगी आठ लाख वर्षांनी मोठी

नाशिकमध्ये पुस्तक लिहिणाऱ्यानं आपलं नाक सांभाळावं. गावाचं नावच एका कापलेल्या नाकावरून पडलं असं इथं सांगतात, आणि कांद्यासाठी नावाजलेलं लासलगाव याच जिल्ह्यात. म्हणजे नाकानं कांदे सोलायला लागणारा सगळा कच्चा माल घरचाच. मी तो भरपूर वापरला आणि कादंबरी लिहिली.

माझा हिशेब साधा होता. पुराणातलं पात्र स्वतःची कैफियत मांडायला बसलं की मराठी वाचक जेवायचंही विसरतो, हे खांडेकरांच्या 'ययाति'नं १९५९ साली आणि शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'नं १९६७ साली दाखवून दिलंय. भुताखेतांसाठी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यावर जीव टाकणारा वाचक वेगळा. युद्धाच्या सावलीतलं प्रेम विश्राम बेडेकरांनी १९३९ सालीच 'रणांगण'मध्ये आणून ठेवलेलं. तिन्ही दुकानं तेजीत असतील तर तिन्हींचा माल एका पिशवीत भरून विकला की आपण मालामाल, असं पतसंस्थेत जन्म काढलेल्या माणसाला वाटणारच. शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड २७ फेब्रुवारीला आपल्याच गावात दिला जातो. रिक्षाचंही भाडं फार पडलं नसतं.

नायक म्हणून मी अश्वत्थामा घेतला. सात चिरंजीवांतला हा एकच असा, ज्याला अमरत्व शिक्षा म्हणून मिळालं. कुरुक्षेत्र संपल्यावर त्यानं रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना कापलं, मग कपाळावरचा मणी गेला, तिथं जखम राहिली, आणि नर्मदेच्या काठानं तो अजून तेल मागत हिंडतो असं परिक्रमावासी सांगतात. माझ्या कादंबरीत तो मरण शोधत प्रत्येक लढाईत भरती होतो. १७६१ साली पानिपतावर, १९१६ साली मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात, १९९९ साली कारगिलला तोफखान्यात. मरण काही येत नाही, आणि शेवटी तो देवळालीत येऊन पोचतो.

देवळाली मी उगाच निवडली नव्हती. मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशाच्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी त्यातल्या कित्येकांची डोकी फिरली, इतकी की इंग्रजांनी आपल्या भाषेत वेडसरपणाला देवळालीचंच नाव देऊन टाकलं. लढाई माणसाच्या डोक्यात किती काळ राहते, हे सांगायला याहून चांगली जागा कुठली?

आणि नायिका शूर्पणखा. थांबा, नाक मुरडू नका. उत्तरकांड बघा. तिच्या नवऱ्याला, विद्युज्जिव्हाला, कालकेयांशी झालेल्या लढाईत रावणानंच मारलं. ती रडत दरबारात आली तेव्हा भावानं तिची समजूत काढली आणि खराबरोबर चौदा हजार राक्षस देऊन दंडकारण्यात पाठवून दिलं. म्हणजे आपल्या पंचवटीत आली ती एक युद्धविधवा होती. पुढचं लक्ष्मणानं केलं. वाल्मीकींनी तिच्या मरणाचं वर्णन केलेलं नाही, म्हणून मी तिला जिवंत ठेवली आणि रामकुंडाजवळ फुलांचं दुकान काढून दिलं. नाकाचं काय, असं कुणी विचारेल, तर तिथं मी डोकं चालवलं होतं. नाशिकमध्ये स्कूटीवरून जाणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत बांधून घेते. त्या गर्दीत शूर्पणखा कुणाला ओळखू येणार? तो कपाळावर टोपी ओढतो, ही नाकावर ओढणी बांधते. दोघं हाराच्या भावावरून भांडतात आणि प्रेमात पडतात.

प्रस्तावनेत मी सगळा अभ्यास ओतला. 'शेल शॉक' हे नाव डॉक्टरांच्या नियतकालिकात आलं १९१५ साली, आजच्या नावानं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत हा आजार बसला १९८० साली, पण झोप उडालेला, रात्री उठून वेड्यासारखा कापाकापी करणारा सैनिक व्यासांनी सौप्तिकपर्वात आधीच उभा केलाय, वगैरे वगैरे. प्रस्तावना कुणीही वाचली नाही. हे मला खात्रीनं सांगता येतं, कारण छापणाऱ्यानं तिची दोन पानं उलटी लावली होती आणि आजवर एकाही वाचकाची त्याबद्दल तक्रार नाही.

पुस्तक स्वखर्चानं निघालं. प्रती दिवाणाखाली गेल्या आणि प्रतिक्रिया वर येऊ लागल्या.

पहिली घरातली. बायकोनं दुपारच्या झोपेआधी सतरा-अठरा पानं वाचली आणि उठून स्वयंपाकघरात मला गाठलं. "अहो, चौदा हजार राक्षसांची मालकीण ती, आणि 'गॅस बंद केलास का' असं माझ्यासारखं काय बोलते?" मी म्हणालो, व्यक्तिरेखा जिवंत व्हावी म्हणून. "मग भावाचं बोलणं तुमच्या भावाचं टाकायचं होतं," असं म्हणून ती झोपायला गेली.

आत्याबाईंनी पुस्तक पूर्ण वाचलं, तेही देवघरासमोर बसून. मग फोन केला. "बाळ, घराण्याचं नाक कापलंस रे," असं म्हणताना त्यांना त्यातला विनोद कळला नाही आणि मला तो सांगायची हिंमत झाली नाही. त्यांचा आक्षेप राक्षसीवर नव्हता. "मुलगी त्रेतायुगातली, मुलगा द्वापरातला. द्वापरयुग किती वर्षांचं असतं ठाऊक आहे? आठ लाख चौसष्ट हजार! मुलगी आठ लाख चौसष्ट हजार वर्षांनी मोठी, आणि घरच्यांनी कुणी काही बोलू नये?" मी म्हटलं, आत्या, दोघांच्याही घरी कुणी उरलेलंच नाही. "तेच म्हणते मी. वडीलधारं माणूस नसलं की असं होतं."

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदारानं गोळ्यांची पट्टी कापता कापता वैद्यकीय मत दिलं. "कपाळावरची जखम पाच हजार वर्षं भरत नाही म्हणता. साखर तपासली का त्याची?" हा वाचक मला आवडला. निदान तो नायकाला माणूस समजत होता.

पंचवटीतल्या गुरुजींनी मात्र कथानकाच्या मुळावरच घाव घातला. त्यांच्या मते इतका विस्तार करायची गरजच नव्हती. "त्र्यंबकेश्वरला नेऊन तीन दिवसांचा नारायण-नागबळी केला असता, तर विषय दुसऱ्या प्रकरणात संपत होता." मग स्वतःच थबकले. नारायणबळी मेलेल्यासाठी, आणि हा तर चिरंजीव. जिवंत माणसाचा कसा करणार? त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि दक्षिणा न घेता मला वाटेला लावलं. गुरुजींना अडचणीत टाकणारं कथानक लिहिल्याचा मला अभिमान वाटला, पण तो फार टिकला नाही. मी म्हणालो होतो, मेलेल्यांशी प्रेमाची भेट ही काही माझी शक्कल नाही. आश्रमवासिकपर्वात व्यासांनी युद्धात पडलेले सगळे वीर भागीरथीतून वर आणले, बायकांना त्यांचे नवरे भेटवले, आणि सकाळी ज्यांना जायचं होतं त्या बायका नवऱ्यांमागोमाग पाण्यात उतरल्या. गुरुजी जाता जाता म्हणाले, "व्यासांनी ते एका रात्रीत उरकलं. तुम्हाला तीनशे चाळीस पानं लागली."

आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक निवृत्त हिशेबनीस आहेत. त्यांना सगळे ऑडिटरकाका म्हणतात. त्यांनी पुस्तक वाचलं ते लाल पेन घेऊन. "कृष्णानं शाप दिला तीन हजार वर्षांचा. बरोबर? कलियुग सुरू झालं इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये. युद्ध त्याच्या छत्तीस वर्षं आधी. म्हणजे शिक्षेची मुदत इसवी सनापूर्वी १३८ च्या सुमाराला संपली. त्यानंतर तुमचा नायक कुठल्या नियमाखाली फिरतोय?" मी म्हणालो, काही माणसांची शिक्षा कागदावर संपते, आत संपत नाही. वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या आवृत्तीसाठी टिपून घेतलं. काकांनी समासात लिहिलं, 'खुलासा असमाधानकारक'.

मग त्यांनी पान उलटलं. नायक पांडवलेण्यात मुक्काम करतो. पांडवांचा वैरी पांडवलेण्यात कसा राहील, असा त्यांचा सवाल. तेवढ्यात बाकावरचा दुसरा सभासद उसळला. ती पांडवांची नव्हेतच, त्रिरश्मी डोंगरावरची बौद्ध लेणी आहेत ती, तिथं गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, शाळेत काय शिकलात? दोघांचं जुंपलं ते अंधार पडेपर्यंत. माझी कादंबरी बाकावर दोघांच्या मधे पडून होती. शेवटी तिच्यावर कुणीतरी शेंगदाण्याची टरफलं ठेवली.

भिशीच्या बायकांनी मला चर्चेला बोलावलं तेव्हा मी इस्त्रीचा कुडता घातला. बायका शूर्पणखेच्या बाजूच्या निघाल्या, एकमुखानं. "सख्ख्या भावानं नवरा मारला आणि वर जंगल देऊन बोळवण केली!" एकीनं म्हटलं. दुसरी म्हणाली, "मला तर जंगलही नाही. हक्कसोडपत्रावर सही घेतली भावानं आणि साडी दिली." तिसरीच्या भावानं साडीही दिली नव्हती. पुढचा तासभर वडिलोपार्जित जमीन, सात-बारा आणि वहिन्या यांवर जे बोललं गेलं ते माझ्या कादंबरीपेक्षा कितीतरी जास्त रक्तबंबाळ होतं. मी साबुदाण्याचे वडे खाऊन घेतले. निघताना यजमानीणबाईंच्या कॉलेजातल्या भाचीनं मला दारात अडवलं. "काका, एंडला तो तिचा फेस बघतो की नाही?" मी म्हणालो, ते सूचक ठेवलंय. "म्हणजे तुम्हाला सुचलं नाही," ती म्हणाली.

आता सुभेदारकाका. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. तोफखान्यात नोकरी, कारगिल बघितलेले, उजव्या कानानं कमी ऐकतात. देवळालीच्या बाजूला गोळाफेकीचा सराव सुरू झाला की सगळी बिल्डिंग खिडक्यांकडे बघते आणि हे घड्याळाकडे. त्यांना प्रत देताना माझे हात थरथरत होते. त्यांनी ती आठवड्यानं परत आणली. मधे चिठ्ठ्या.

"पान अमुक. तो एकटाच बोफोर्समध्ये गोळा भरतो. १५५ मिलिमीटरचा गोळा चाळीस किलोच्या वर असतो."

मी म्हणालो, तो द्रोणाचार्यांचा मुलगा आहे.

"असेल. ड्रिल म्हणजे ड्रिल. एकट्यानं भरायचा नाही." मग पुढची चिठ्ठी. "इथं ती त्याच्या कानात कुजबुजते, 'मी तुझी आहे'. आणि त्याला ऐकू येतं."

"हो, तो फार हळवा क्षण आहे."

"तोफेपाशी वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला कुजबुज ऐकू येत नाही लेखक. तिला ओरडून सांगायला लावा."

मी ते मुकाट्यानं लिहून घेतलं. शेवटची चिठ्ठी काढताना मात्र त्यांचा आवाज बदलला. "हा रात्री दिवा लावून झोपतो. एवढं एकच वाक्य आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

खरं तर हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला अंधाराची भीती वाटते, लहानपणापासून. बायको माहेरी गेली की मी पॅसेजमधला दिवा चालू ठेवतो आणि कारण पालीचं सांगतो. नायक रात्री काय करतो ते लिहिताना माझ्यापाशी दुसरा काही अनुभव नव्हता. पण समोर कारगिलचा माणूस उभा होता आणि प्रथमच कुणीतरी माझ्या पुस्तकाकडे आदरानं बघत होतं. मी नाक जरा वर केलं आणि म्हणालो, "संशोधन."

सुभेदारकाकांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते जिन्यात मला आधी वाट देऊ लागले.

हे सुख भिशीला बघवलं नाही. बायकांनी ठरवलं की कादंबरीतल्या जागा लेखकासोबत बघायच्या. टेम्पो ट्रॅव्हलर ठरला, वर्गणी निघाली, कट्ट्यावरचे सभासद आणि सुभेदार दांपत्यही आलं. तपोवनात कपिला-गोदावरीच्या संगमापर्यंत सगळं छान चाललं होतं. तिथल्या लक्ष्मणाच्या मंदिरात नाक कापण्याचा प्रसंग मूर्तींतून दाखवलाय. बायकांनी तिथं लक्ष्मणाला असं काही सुनावलं की आम्हा पुरुषांना बाहेर जाऊन चपला सांभाळाव्या लागल्या. तिथून आम्ही काळारामाशेजारच्या सीतागुंफेत आलो.

सीतागुंफा ज्यांनी बघितली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पायऱ्या अरुंद, छत खाली, वाकून, मग बसून, मग अक्षरशः सरपटत पुढं जायचं. पोट सुटलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा अशी ती जागा आहे, पण लेखक पुढं हवा, असा बायकांचा आग्रह. सुभेदारकाका आत आले नाहीत. "मी इथं थांबतो," एवढंच म्हणाले आणि वडाखाली उभे राहिले. मी सगळ्यांत पुढं. माझ्यामागं यजमानीणबाई, त्यांच्यामागं ऑडिटरकाका, त्यांच्यामागं अख्खी भिशी. अर्ध्या वाटेवर माझा कुडता मागून दगडाला अडला आणि पोट पुढून. यजमानीणबाईंना वाटलं मी प्रसंग समजावण्यासाठी थांबलोय. त्यांनी विचारलं, "इथंच का तिनं त्याला पहिल्यांदा बघितलं?"

आणि वीज गेली.

मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. यजमानीणबाई सांगतात की मी आधी रामाला हाक मारली, मग बायकोला, आणि मग मोठ्यानं, सगळ्या गुंफेत घुमेल असं म्हणालो, "पॅसेजचा दिवा लावा! मला दिव्याशिवाय झोप येत नाही!" मागून ऑडिटरकाकांचा आवाज आला, "पान एकशे बारा." त्या काळोखातही माणसाला पान आठवत होतं.

वरून सुभेदारकाकांचा आवाज आला, हुकमी, कवायतीचा. "लेखक! हात पुढं. श्वास सोडा. सोडा! पोट आत जाईल. आता सरका." श्वास सोडला, पोट आत गेलं, कुडता फाटला आणि मी सरकलो. तेवढ्यात वीज आली.

बाहेर टपरीवर मला दोन ग्लास पाणी पाजण्यात आलं. सगळे गप्प होते, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. सुभेदारकाका माझ्याशेजारी बसले. "म्हणजे संशोधन नव्हतं."

मी फाटकी बाही नीट करत राहिलो.

"तरी बरोबर आहे," ते म्हणाले. "तिकडं रात्री काडी पेटवली तरी गोळा यायचा. अंधारात जेवायचं, अंधारात बूट चढवायचे. आमच्यातला एक जण आहे, तो परत आल्यावर दिवा लावूनच झोपतो. डोळा उघडला आणि दिवा दिसला की कळतं, आपण घरी आहोत. गोळा येणार नाही."

"आमच्यातला एक जण म्हणे," काकू बशीत चहा ओतत म्हणाल्या. "कारगिलवरून आल्यापासून आमच्या खोलीतला दिवा बंद झालेला नाही. वीजबिलाचं सोडा, मला उजेडात झोप येत नाही हो. तेव्हापासून मी डोळ्यांवर पदर घेऊन झोपते." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं पुस्तक वाचलं मी. चंद्र आहे, नदी आहे, पानिपत आहे. तो दिवा लावून झोपतो तेव्हा ती बिचारी काय करते, ते कुठं आहे?"

नव्हतंच ते कुठं. सुभेदारकाका वडाच्या पारंब्या मोजत असल्यासारखे वर बघत होते. काकूंचं त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा तो उजवा कान असावा.

"दुसऱ्या आवृत्तीत घालतो," मी म्हणालो. "ती ओढणी डोळ्यांवर घेते आणि झोपते."

यजमानीणबाईंनी लगेच शंका काढली. "पण ओढणी वर डोळ्यांवर घेतली तर खाली नाक उघडं पडेल की! इतकी वर्षं जपलेलं. त्याला दिसेल."

"पडू दे," काकू म्हणाल्या. "दिसू दे. घरच्या माणसासमोर कसलं आलंय झाकणं?"

भाची टाळ्या वाजवायला लागली. तीनशे चाळीस पानांत मला जो शेवट जमला नव्हता, तो या दोघींनी बशीतला चहा निवायच्या आत लावून टाकला होता. मी तो टिपून घेण्यासाठी खिशात पेन शोधू लागलो. पेन गुंफेतच राहिलं होतं. ऑडिटरकाकांनी आपलं लाल पेन पुढं केलं, आणि मी ते घेतल्याबरोबर त्यांनी टपरीवाल्याला सांगितलं, "चहाचे पैसे यांच्याकडून घ्या. कथानक आम्ही दिलंय."